पहाटे ५:३० आधीचं दूध आदल्या दिवशी, सभासद ३१ मे चे : संगणकाच्या तारखांचा घोळ

खानापूर_संकलन:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या संगणकाचं काम बघतो. संकलनाचा प्रोग्राम उबुंटूवर (लिनक्स), डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. त्याच मशीनवर विंडोजही आहे, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर तिकडे चालतं. खालच्या गोष्टी जुळेनात.

सकाळचं संकलन पाचच्या सुमारास सुरू होतं. रोजच्या रिपोर्टमध्ये ५:३० च्या आधी दूध घातलेल्यांची नोंद आदल्या दिवसात जाते, नंतरच्यांची बरोबर त्याच दिवशी येते. एकाच रांगेतले दोघे, एकाचं दूध काल, दुसऱ्याचं आज. दर दहा दिवसांच्या बिलात १, ११ आणि २१ तारखेला तर थेट पैशांचा फरक पडतो.

दुसरं, आदल्या दिवशी विंडोजवर काम झालेलं असलं की दुसऱ्या दिवशी उबुंटूचं घड्याळ साडेपाच तास पुढे. पाच-दहाला घातलेलं दूध १०:४० चं दिसतं. इंटरनेट आलं की आपोआप सुधारतं, पण आमच्या भागात पावसाळ्यात नेट कधी येईल सांगता येत नाही.

तिसरं, सभासद यादी. शाळेच्या दाखल्यावर १ जून असलेले पुष्कळ सभासद आहेत, ते तर आपल्याकडे घरोघरी. जुन्या प्रोग्राममधून डेटा आणल्यावर ते सगळे ३१ मे चे झाले. बाकीच्याही तारखा एकेक दिवस मागे. हा एकच दोष आहे का तीन वेगवेगळे?

टिळकवाडीकर:
दोष तीन आहेत, मूळ एकच. संगणक तारीख साठवत नाही, मोजणी साठवतो. तारीख ही त्या मोजणीवरून दाखवताना तयार होते. ती कोणत्या गावच्या घड्याळाने तयार करायची हे सांगायचं राहिलं की असा घोळ होतो.

लिनक्समध्ये ही मोजणी म्हणजे १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) मध्यरात्री ०० वाजल्यापासून झालेले सेकंद. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ५:३० वाजले होते. म्हणून रिकामी राहिलेली तारीख (किंमत शून्य) बऱ्याच प्रोग्राममध्ये ०१-०१-१९७० ५:३० अशी दिसते. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, तेही १०० नॅनोसेकंदांच्या एककात. दोन्ही आरंभांमध्ये ११६४४४७३६०० सेकंदांचं अंतर आहे. आरंभ वेगळे असले तरी आतली मोजणी दोन्हीकडे यूटीसीतच, आणि साडेपाच तास दोघंही शेवटी, दाखवताना मिळवतात.

आता तुमचं दूध बघा. १ एप्रिल २०२५, पहाटे ५:१०. डेटाबेसमध्ये आकडा पडतो १७४३४६४४००. एका दिवसाचे ८६४०० सेकंद, त्याने भागलं तर पूर्ण दिवस येतात २०१७८, म्हणजे ३१ मार्च, कारण यूटीसीत तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे ११:४० आहेत. त्याच आकड्यात आधी १९८०० (साडेपाच तासांचे सेकंद) मिळवून मग भागा, दिवस येतात २०१७९, म्हणजे १ एप्रिल. यूटीसीचा दिवस आपल्याकडे ५:३० ला बदलतो, आणि तुमची रांग बरोबर तिथेच तुटते. या उदाहरणात तर दूध आदल्या आर्थिक वर्षात गेलं, ऑडिटला ते दिसणारच.

दुरुस्ती रिपोर्टच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या आज्ञेत) करायची, डेटात नाही. एसक्यूलाइटच्या डेट फंक्शनला फक्त कॉलम आणि 'युनिक्सएपॉक' दिलं असेल तर ते यूटीसीची तारीख देतं. त्यापुढे तिसरा शब्द द्यायचा : 'लोकलटाइम', किंवा अधिक चिन्हासह '३३० मिनिट्स'. हे शब्द अर्थातच इंग्रजीत आणि एकेरी अवतरणात. मी ३३० मिनिटंवालं वापरायला सांगेन. 'लोकलटाइम' हे ज्या मशीनवर क्वेरी चालते त्याच्या टाइम झोनवर अवलंबून असतं. उद्या हाच डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर नेला, आणि तिथला झोन बहुधा यूटीसीच असतो, तर घोळ पहिल्यासारखा परत येईल. आणखी एक, 'नाऊ' ची तारीखसुद्धा एसक्यूलाइट यूटीसीचीच देतं, तिथेही तेच जोडा. पहाटे चारला उघडलेला "आजचा रिपोर्ट" कालचा निघतो तो यामुळेच.

मशीनचा झोन मात्र तपासून घ्या. उबुंटूच्या यादीत बेळगाव, बेंगळूरु शोधू नका, भारतासाठी 'एशिया/कोलकाता' हेच नाव आहे. 'आयएसटी' असं तीन अक्षरांत कुठे लिहू नका, इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात.

निपाणी_हार्डवेअर:
घड्याळ साडेपाच तास सरकण्याचं सांगतो, ते मदरबोर्डवरचं प्रकरण आहे.

मशीन बंद असताना वेळ राखते ती आरटीसी चिप. तिला ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल आणि ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकापासून या चिपमध्ये सेकंद, मिनिट, तास, वार, दिवस, महिना, वर्ष अशी खणं आहेत, आणि वर्षाच्या खणात दोनच आकडे. पण ही वेळ स्थानिक की यूटीसी हे लिहायला मूळ रचनेत खणच नाही. विंडोज तिला स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी धरतं. विंडोजने चिपमध्ये ५:१० लिहून ठेवले, उबुंटूने ते यूटीसी समजून त्यात साडेपाच तास मिळवले, झाले १०:४०. उलट बाजूने उबुंटूनंतर विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, बघा.

दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. उबुंटूला 'टाइमडेटसीटीएल' कमांडने 'सेट-लोकल-आरटीसी' ला १ देऊन स्थानिक वेळ धरायला लावता येतं, पण ती कमांड स्वतःच इशारा देते की ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही. विंडोजला यूटीसी शिकवणं बरं :

विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, मग करंट कंट्रोल सेट, मग कंट्रोल, मग टाइम झोन इन्फर्मेशन. तिथे नवीन डीवर्ड व्हॅल्यू, नाव 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' (इंग्रजीत, चारही शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं), किंमत १. मग 'शट डाउन' नको, 'रिस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यानंतर उबुंटूत जाऊन नुसती 'टाइमडेटसीटीएल' कमांड चालवा. युनिव्हर्सल टाइम आणि आरटीसी टाइम सारखे हवेत, लोकल टाइम त्यांच्यापुढे ५:३० हवी, आणि शेवटच्या बाजूला 'आरटीसी इन लोकल टीझेड' पुढे 'नो' हवं.

यानंतर बायोसच्या (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या) पडद्यावर सकाळी दहा वाजता ४:३० दिसतील. ते बरोबर आहे. तिथे कुणी "घड्याळ चुकलंय" म्हणून सुधारलं की पुन्हा साडेपाच तासांचा फरक. मशीनवर चिठ्ठी चिकटवून ठेवा की ओ, दुरुस्तीला येणारा माणूस पहिल्यांदा तेच करतो.

सेलही बघून घ्या. मल्टिमीटरवर नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला असेल तर बदलून टाका, किंमत किरकोळ आहे. लाइट जाते-येते अशा ठिकाणी सेल लवकर उतरतो, कारण मेन्स बंद असताना चिप त्याच्यावरच जगते. सेल मेल्यावर विंडोज एकदम जुन्या वर्षात जातं, त्यामुळे निदान लक्षात तरी येतं : ब्राउझर प्रत्येक साइटला प्रमाणपत्राची चूक दाखवतो. उबुंटूत जास्त धोका आहे. त्याची वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ एका फाइलीत ठेवते आणि चालू होताना घड्याळ निदान तिथपर्यंत आणते. म्हणजे नेट नसलं तर काल संध्याकाळची, दिसायला अगदी खरी वाटणारी वेळ घेऊन मशीन कामाला लागतं.

आणि विंडोजची वेळ-सेवा १५ तासांपेक्षा (५४००० सेकंद) जास्त फरक असेल तर सहसा आपण होऊन दुरुस्त करत नाही. आधी तारीख हाताने जवळपास लावा, मग 'सिंक नाऊ'.

खानापूर_संकलन:
तुम्हा दोघांचे खूप आभार. ३३० मिनिटं घातल्यावर रिपोर्ट जुळला, रजिस्ट्रीचं काम आज संध्याकाळी करतो. आता मागचा डेटा. सगळ्या जुन्या नोंदींना सरसकट १९८०० मिळवले किंवा वजा केले तर चालेल का? आणि जन्मतारखांचं काय?

चिकोडी_डेटाबेस:
सरसकट काहीही मिळवू नका. तुमच्याकडे दोन जातींच्या नोंदी आहेत. बहुतेक नोंदींचे आकडे बरोबर आहेत, फक्त रिपोर्ट चुकीचा होता, त्यांना हात लावलात तर बरोबर असलेलं बिघडेल. घड्याळ पुढे असताना पडलेल्या नोंदींचेच आकडे चुकलेले आहेत, आणि त्या शोधता येतात.

आधी डेटाबेस फाइलची प्रत, प्रोग्राम बंद करून. मग नोंदी आयडीच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक नोंदीची वेळ आधीच्या नोंदीच्या वेळेतून वजा करा ('लॅग' हे विंडो फंक्शन, एसक्यूलाइट ३.२५ पासून आहे). आयडी वाढतोय आणि वेळ मात्र पाच-साडेपाच तास मागे उडी मारते, अशी जागा सापडली की समजायचं तिथे नेट आलं आणि घड्याळ सुधारलं. त्या जागेच्या वर, त्याच दिवशी मशीन सुरू झालं तिथपर्यंतच्या नोंदी चुकीच्या, त्यांतून १९८०० वजा. मशीन कधी सुरू झालं ते 'जर्नलसीटीएल' ला (उबुंटूची नोंदवही दाखवणारी कमांड) 'लिस्ट-बूट्स' दिलं की दिसतं, पण तिथल्या वेळाही त्याच चुकीच्या घड्याळाच्या असू शकतात, म्हणून वेळेपेक्षा क्रमावर भरवसा ठेवा. ज्या दिवशी नेट आलंच नाही त्या दिवशी उडी सापडणार नाही. तिथे साधी कसोटी : सकाळच्या पाळीची नोंद साडेदहानंतर आणि संध्याकाळच्या पाळीची रात्री साडेदहानंतर पडलेली असेल तर ती संशयित, दिवसाच्या वहीशी ताडून बघा. बदललेल्या प्रत्येक नोंदीचा जुना आकडा वेगळ्या तक्त्यात ठेवा, ऑडिटरला दाखवायला लागतो.

जन्मतारीख ही वेगळी गोष्ट. दूध घातलं तो क्षण आहे, जगात कुठूनही बघितला तरी एकच. जन्मतारीख क्षण नाही, ती कॅलेंडरवरची चौकट आहे. तिला टाइम झोन नसतोच. जुन्या प्रोग्रामने १ जून म्हणजे "१ जूनची भारतीय मध्यरात्र" असं मानून सेकंदांत बदललं. ते यूटीसीत ३१ मे, संध्याकाळचे ६:३०. नव्याने नुसती तारीख उचलली, ३१ मे.

इथे ३३० मिनिटं मिळवणं *जवळजवळ* पुरतं, पण वयस्कर सभासदांना पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं एक तास पुढे, यूटीसीच्या ६:३० पुढे होती. लिनक्सच्या टाइम झोन डेटाबेसमध्ये हे नोंदलेलं आहे, विंडोजच्या भारतीय झोनमध्ये नाही. म्हणून १५ जून १९४४ ही तारीख लिनक्सवर बदलली गेली असेल तर ती १४ जून, यूटीसी १७:३० अशी पडते. त्यात साडेपाच तास मिळवले तर होतात १४ जूनचे रात्रीचे ११, तारीख मागेच राहिली. अशा नुसत्या तारखांना १२ तास मिळवा आणि मग वेळ टाकून द्या. १७:३० असो, १८:३० असो, किंवा कुणी थेट यूटीसी मध्यरात्र ००:०० साठवलेली असो, तिन्ही ठिकाणी योग्य दिवस हाती येतो. मग ती वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात साठवा (१९४४-०६-१५) आणि पुन्हा सेकंदांत बदलू नका. या क्रमाने लिहिलेल्या तारखा अकारविल्हे लावल्या तरी कालक्रमानेच लागतात.

१९७० आधीचे आकडे ऋण असतात, त्याने घाबरू नका. आपल्या भागात सगळ्यांना पाठ असलेली १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख घ्या, तिची भारतीय मध्यरात्र म्हणजे −४१५५१७४००. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस १९७० च्या ४८०९ दिवस आधीचा. तुमच्या जुन्या प्रोग्रामने ऋण आकडे "रिकामे" समजून गाळले नाहीत ना, हे मात्र तपासा. १९७० आधी जन्मलेल्यांची संख्या मूळ यादीशी जुळवली की कळेल.

सीमाभाग_डेव्ह:
एवढी उठाठेव कशाला? भारतात एकच वेळ, उन्हाळी वेळ नाही. सरळ भारतीय वेळच साठवायची, कुणाला यूटीसी लागतंय इथे?

टिळकवाडीकर:
मुद्दा रास्त आहे, आणि एकाच मशीनवर, एकाच प्रोग्रामपुरता तो चालेलही. अडचण दुसऱ्या कुणी त्या डेटाला हात लावला की येते. मोबाइल ॲप, बँकेची फाइल, सर्व्हर, हे सगळे सेकंदांचा आकडा दिसला की तो यूटीसीचा आहे असंच धरतात. तुम्ही त्यात आधीच १९८०० मिळवलेले असतील तर ते पुन्हा मिळवतील आणि पहाटेचं दूध १०:४० ला जाईल. भारतीय वेळच ठेवायची असेल तर आकड्यात नको, मजकुरात ठेवा आणि शेवटी +०५:३० लिहा : २०२५-०४-०१, मग टी, मग ०५:१०:००+०५:३०. तो मजकूर कुणीही वाचला तरी चुकत नाही.

निपाणी_हार्डवेअर:
विंडोजवर हिशेब नेताय म्हणजे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली मजकूर फाइल) आणि पेनड्राइव्ह आलंच, त्याचं थोडं.

विंडोज बसवताना रीजन 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' राहिलेलं असतं. मग एक्सेल ०३/०४/२०२५ ला ४ मार्च समजतं, काही न विचारता. १३ तारखेपासून पुढच्या तारखा महिना म्हणून बसत नाहीत, त्या मजकूर म्हणूनच राहतात. ओळखायची खूण सोपी : कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. उजवीकडच्या, म्हणजे दिसायला नीट वाटणाऱ्या तारखाच बहुतेक चुकलेल्या असतात. रीजन 'इंग्लिश इंडिया' करा आणि फाइल डबल क्लिकने न उघडता 'डेटा' मधल्या टेक्स्ट इम्पोर्ट विझार्डने आणा, तारखेच्या कॉलमला 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) निवडून. कन्नड किंवा मराठी रीजन ठेवलं तरी आतला आकडा तोच राहतो, फक्त दाखवायची लिपी आणि महिन्याचं नाव बदलतं. म्हणून दिसणारा मजकूर कधी निर्यात करू नका, वर्ष-महिना-दिवस असंच काढा.

सेकंदांचा आकडा थेट एक्सेलमध्ये आणलात तर : ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, मग ५.५/२४ मिळवा. २५५६९ म्हणजे एक्सेलच्या हिशेबाने १ जानेवारी १९७०. एक्सेल १९०० पासून दिवस मोजतं आणि लोटस या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळवून घ्यायला १९०० मध्ये नसलेला २९ फेब्रुवारीही मोजतं, त्यामुळे १ मार्च १९०० नंतरच्याच तारखांवर हे सूत्र लावा.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर फाइलींच्या वेळा दोन सेकंदांच्या पायरीने आणि टाइम झोनशिवाय लिहिल्या जातात. बॅकअपचा प्रोग्राम दर वेळी न बदललेल्या फाइली पुन्हा कॉपी करतोय असं दिसलं तर कारण हेच. रोबोकॉपीला (विंडोजची कॉपीची कमांड) 'एफएफटी' आणि आरसिंकला (लिनक्सची) 'मॉडिफाय-विंडो' १ द्या, म्हणजे तेवढा फरक ते सोडून देतात. पेनड्राइव्ह दोन्ही सिस्टिमवर फिरत असेल तर वेळांत साडेपाच तासांचाही फरक पडू शकतो. कोणती बॅकअप ताजी हे म्हणून फाइलीच्या वेळेवरून ठरवू नका, फाइलीच्या नावातच तारीख घाला.

खानापूर_संकलन:
१२ तासांची युक्ती लागू पडली, १ जूनवाले सगळे परत १ जूनला आले. एक शेवटचं विचारतो. गाय-म्हैस कर्जाचा तक्ता मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे. जमीन तारणाच्या एका लांब मुदतीच्या कर्जाची शेवटची तारीख २०४० टाकली तर नोंदच घेत नाही.

चिकोडी_डेटाबेस:
तो कॉलम 'टाइमस्टॅम्प' प्रकारचा असणार. त्या प्रकाराची मर्यादा १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७, आपल्याकडे सकाळी ८:४४:०७. चिन्हासह ३२ बिटांत २१४७४८३६४७ पेक्षा जास्त सेकंद मावत नाहीत. हप्त्याची तारीख ही जन्मतारखेसारखी कॅलेंडरची चौकट आहे, तिला 'डेट' प्रकार द्या, तो ९९९९ सालापर्यंत चालतो. तक्ता बदलताना त्या जोडणीचा टाइम झोन आधी +०५:३० सेट करा आणि मगच 'ऑल्टर टेबल' चालवा. टाइमस्टॅम्प आत यूटीसीत असतो आणि बदलताना जोडणीच्या झोनने वाचला जातो. झोन यूटीसी राहिला तर सगळे हप्ते पुन्हा एक दिवस मागे. बदलल्यावर दहा-बारा कर्जांचे हप्ते कागदावरच्या करारपत्राशी ताडून घ्या, आणि त्यात मार्चअखेरचे नक्की असू द्या.